इंग्रजीतल्या 'डूलाली' या शब्दाचा आपल्या देवळालीशी खरोखर संबंध आहे का?

आपला प्रश्न असा आहे: एका इंग्रजी कादंबरीत म्हाताऱ्या पात्राबद्दल 'गॉन डूलाली' असे शब्द आले, त्यांचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे आणि तिथे पूर्वी वेड्यांचे इस्पितळ असल्यामुळे ते रूढ झाले, असे आपल्याला कोणी सांगितले, हे कितपत खरे, आणि हा शब्द आज कोणत्या अर्थाने घ्यावा? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. शब्द देवळालीचाच आहे आणि इंग्रजी कोशही तेच सांगतात. इस्पितळाची कथा मात्र मला पटत नाही. ती का पटत नाही हे समजायला त्या छावणीत माणसे कशाची वाट पाहत बसत, तिथून सुरुवात करावी लागेल.

१८६०च्या दशकात देवळालीला ब्रिटिश लष्कराची छावणी उभी राहिली, ती प्रामुख्याने येणाऱ्या-जाणाऱ्या फौजेच्या मुक्कामासाठी. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या शिपायांना शहराच्या दमट हवेत आणि रोगराईत ठेवणे लष्कराला परवडणारे नव्हते. थळ घाटातली रेल्वे १८६५ साली पुरी झाली आणि या शिपायांना घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत नेऊन, तिथून देशभरातल्या पलटणींत धाडणे सोयीचे झाले. परतीची वाटही हीच. पेशावरला असो की बंगलोरला, ज्याची नोकरीची मुदत भरली तो शिपाई देवळालीला येई आणि विलायतेच्या जहाजात जागा मिळेपर्यंत तिथे थांबे. ब्रिटनने १८७० साली सैन्यभरतीचा नवा कायदा केला आणि पूर्वीच्या दीर्घ नोकरीऐवजी सहा वर्षे प्रत्यक्ष पलटणीत व पुढची सहा राखीव दलात अशी पद्धत आणली. साहजिकच दरवर्षी मुदत भरून मायदेशी निघणाऱ्यांची संख्या वाढली आणि देवळालीच्या बराकी भरलेल्या राहू लागल्या.

अडचण होती ती जहाजांची. शिपायांची ने-आण करणारी जहाजे बारा महिने चालत नसत. पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र आणि उन्हाळ्यातली तांबड्या समुद्राची भट्टी टाळण्यासाठी ही वाहतूक साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात होई. त्यामुळे ज्याची मुदत हंगामाच्या अखेरीस भरे आणि शेवटच्या जहाजात ज्याला जागा मिळत नसे, त्याच्या नशिबी पुढच्या हंगामाची वाट पाहणे येई. नोकरी संपलेली आहे, घरी जाता येत नाही, आणि करायला काम नाही, अशा अवस्थेत त्याने देवळालीचा उन्हाळा काढायचा. नाशिककरांना चैत्र-वैशाखातली तिथली दुपार ठाऊक आहे. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांनी पत्र्याखालची बराक आणि अंगातला लोकरी सदरा यांची कल्पना करून पाहावी.

या मुक्कामाचे सर्वांत विश्वासार्ह वर्णन फ्रँक रिचर्ड्स या वेल्श शिपायाने करून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात साधा शिपाई म्हणून नोकरीस होता आणि त्या काळाच्या त्याच्या आठवणी १९३६ साली प्रसिद्ध झाल्या. तो सांगतो की मुदत भरलेल्या शिपायांकडे शस्त्रे नसत, इतर लष्करी सरंजामही नसे. अधूनमधून सामानाची तपासणी होई, क्वचित एखादी लांबची कूच निघे, आणि बाकी वेळ खायला उठे. वर्षानुवर्षे एकही डाग नसलेली चांगली माणसे तिथे काहीतरी भलतेच करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काही जण गुप्तरोग जडवून घेऊन इस्पितळात भरती होत. कोणी विक्षिप्त वागू लागला की शिपाई 'याला डूलाली टॅप झाला' असे म्हणत, आणि या म्हणण्याचा उगम त्या छावणीतल्या कंटाळ्यात असावा, असे रिचर्ड्स लिहितो. 'असावा' हा शब्द माझा नाही. तोही तिथे 'मला वाटते' असेच म्हणतो. शब्दांची मूळकथा सांगणाऱ्याने एवढी सावधगिरी बाळगलेली विरळाच दिसते, आणि त्यामुळेच माझा त्याच्यावर अधिक विश्वास बसतो.

आता इस्पितळाकडे वळतो. देवळालीला लष्करी इस्पितळ होते यात शंका नाही. एवढ्या मोठ्या छावणीत ते असणारच. आजारी शिपाईही तिथूनच जहाजाकडे रवाना होत, आणि त्यांत मनाचा तोल गेलेलेही असणार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली येथे सैन्याचे भले मोठे इस्पितळ होते, त्यात १८७० साली मनोरुग्ण शिपायांसाठी वेगळी इमारत उघडली गेली आणि हिंदुस्थानातून येणारे असे रुग्ण तिथे ठेवले जात. म्हणजे देवळालीच्या फलाटावर काही खरोखरचे भ्रमिष्ट शिपाईही उभे राहिले असतील. पण त्यावरून 'देवळाली म्हणजे वेड्यांचे इस्पितळ' हे समीकरण निघत नाही. ते लोकांना चटकन पटते याचे कारण वेगळे आहे. आपण 'याला ठाण्याला न्यायला हवे' किंवा 'हा येरवड्याचा गिऱ्हाईक' असे म्हणतो, हिंदी भाषक आग्र्याचे आणि रांचीचे नाव घेतात, आणि लंडनच्या बेथलेम इस्पितळाच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'बेडलम' हा गोंधळवाचक शब्द इंग्रजीला मिळाला. गावाचे नाव वेडाशी जोडलेले दिसले की तिथे इस्पितळ असणारच, असे मन आपोआप ठरवून टाकते. देवळालीच्या बाबतीत शब्दप्रयोगाची घडणच त्याच्या विरोधात जाते. ठाण्याला माणूस वेडा झाल्यावर नेतात. 'डूलाली टॅप' मात्र माणसाला होत असे, जडत असे.

हे 'टॅप' प्रकरण मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल. हा टॅप म्हणजे नळ नव्हे आणि टपलीही नव्हे. तो हिंदुस्थानीतला 'तप' आहे, म्हणजे आपला ताप. फारसीतही तापाला याच धातूचा शब्द आहे, त्यामुळे उत्तरेतल्या बाजारबोलीत तो सगळीकडे चाले आणि हिवतापाने फणफणणाऱ्या गोऱ्या शिपायाच्या तोंडी तो पहिल्याच वर्षी बसत असणार. तेव्हा 'डूलाली टॅप' म्हणजे शब्दशः देवळालीचा ताप. शिपायांनी कंटाळ्यातून येणाऱ्या चक्रमपणाला हिवतापासारख्याच एका साथीचे नाव देऊन टाकले, यातला त्यांचा कडवट विनोद मला फार आवडतो. (मराठीत 'डोक्याला ताप' म्हणताना आपण ज्वर आणि जाच यांची जी सरमिसळ करतो, ती त्या शिपायांना समजली असती तर त्यांनी तीही उचलली असती.)

उच्चार बिघडला तो नेहमीच्या रीतीने. 'ळ' इंग्रजी जिभेला जमत नाही आणि 'देव'चे 'देओ' करण्याची साहेबाची सवय आपल्याला अनेक गावांच्या स्पेलिंगांत दिसते. त्या 'देओलाली'चे बराकीत 'डू-लॅली' झाले. माझ्या मते शब्द टिकण्याचे निम्मे श्रेय या अपघाताला द्यायला हवे, कारण अंगाईगीतातल्या निरर्थक अक्षरांसारखा हा नाद ऐकताच इंग्रजाला हसू येते आणि अर्थ ठाऊक नसला तरी कळल्यासारखा वाटतो. मुदत भरलेले शिपाई कल्याणला किंवा भुसावळला थांबत असते, तर ते नाव कोशात गेले असते असे मला वाटत नाही.

कोशात जायलाही त्याला वेळ लागला. अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध 'हॉब्सन-जॉब्सन' कोश १८८६ साली निघाला. त्यात पागल या शब्दाचे इंग्रजी रूप आहे, डोलीसुद्धा आहे, पण देवळालीचा ताप नाही. तो कोश अंमलदार, व्यापारी आणि विद्वान यांच्या बोलण्या-लिहिण्यावर उभा होता, आणि बराकीतल्या साध्या शिपायाचे बोलणे त्या कोशकारांच्या कानांवर फारसे पडत नसावे. पहिल्या महायुद्धात लाखो सामान्य इंग्रज सैन्यात शिरले आणि जुन्या हिंदुस्थानी पलटणींतल्या शिपायांकडून ही बोली शिकले. 'विलायती'वरून आलेला 'ब्लायटी', 'खुशी'शी नाते सांगणारा 'कुशी', 'देखो'चा 'डेको' हे शब्द याच पिढीने घरोघरी पोहोचवले. १९२५ साली सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचा एक कोश लंडनला प्रसिद्ध झाला, त्यात 'डूलाली टॅप' नोंदलेला सापडतो.

त्यानंतरचा अर्थप्रवास असा. सुरुवातीला ते विशिष्ट छावणीत, विशिष्ट कारणाने होणाऱ्या विकाराचे नाव होते आणि वाक्यात ते ताप आल्यासारखे 'येत' असे. हिंदुस्थान कधी न पाहिलेल्या लोकांच्या तोंडी गेल्यावर टॅप म्हणजे काय हे कोणाला कळेना. काहींनी त्याचा अर्थ डोक्यावर बसलेला टोला असा लावला, बहुतेकांनी तो शब्दच गाळला. ताप गेला आणि गावाचे नाव एकटे राहिले. मग ते नामाचे विशेषण झाले, स्पेलिंगमधले आरंभीचे मोठे अक्षर लहान झाले, आणि माणसाला डूलाली होण्याऐवजी माणूसच डूलाली होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर छावणीतले इंग्रज शिपाई गेले तरी शब्द राहिला. बीबीसीवर १९७४ पासून दाखवलेल्या एका विनोदी मालिकेचे सुरुवातीचे भाग देवळालीच्या छावणीतच घडत असल्यामुळे काही काळ ब्रिटनमध्ये गावाचीही आठवण पुन्हा जागी झाली होती, पण आज शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना हे कुठल्या गावाचे नाव आहे याची कल्पना नसते.

अर्थाची धारही बोथट झाली आहे. खऱ्या वेडाचा त्यात आता क्वचितच संबंध असतो. विसरभोळ्या आजीबद्दल तो मायेने वापरला जातो. फार काळ घरात कोंडून पडल्यामुळे 'डोके फिरायची पाळी आली' असे सांगताना वापरला जातो, आणि तिथे मूळचा छावणीतला अर्थ नकळत परत आलेला दिसतो. 'वडील ऐकून डूलाली झाले' म्हणजे त्यांचा पारा चढला. आणि बिघडलेला संगणक किंवा भलत्याच वेळा दाखवणारे घड्याळ यांनाही तो लागतो. हे सगळे प्रामुख्याने ब्रिटिश इंग्रजीत. सामान्य अमेरिकन वाचकाला तो समजेलच असे नाही.

गंमत अशी की मराठीत आणि गुजरातीत देवळालीचे नाव याच्या नेमके उलट कारणासाठी घेतले गेले. पारशी आणि गुजराती कुटुंबांनी तिथल्या कोरड्या हवेसाठी आरोग्यभवने बांधली, मुंबईचे लोक प्रकृती सुधारायला तिथे जाऊन राहत. लष्करही गेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकूलची (आताच्या पाकिस्तानातली) तोफखाना शाळा देवळालीला आली आणि आजही तिथे आहे. पुण्यात एका बिअर गाळणाऱ्या कंपनीने 'डूलाली' हेच नाव घेतले, तेव्हा गावापासून हजारो किलोमीटरांवर भटकून आलेले हे बिघडलेले रूप महाराष्ट्रातल्या पाट्यांवर झळकले.

आपल्या कादंबरीतल्या वाक्याचे भाषांतर करायचे असेल तर 'वेडा झाला' हे फार जड होईल. म्हाताऱ्या पात्रासाठी 'जरा भ्रमिष्टासारखे करू लागले' किंवा बोलीत 'चळले' चालेल, रागाच्या जागी 'सटकली'. इंग्रजीत स्वतः लिहिताना दोन गोष्टी पाळाव्यात. हा शब्द जवळजवळ नेहमी क्रियापदानंतर येतो, म्हणजे अमुक माणूस डूलाली 'झाला' असे म्हणतात, पण नामापूर्वी लावून 'एक डूलाली माणूस' असे सहसा म्हणत नाहीत. आणि तो घरगुती, थट्टेचा शब्द असल्यामुळे ज्याला खरोखर मनोविकार आहे त्याच्याबद्दल, किंवा औपचारिक लेखनात, तो वापरू नये.