कडधान्यं एकदाच शिजवून ठेवताना

प्रश्न : रोज कडधान्य शिजवण्यात फार वेळ जातो. आठवड्याचं एकदम शिजवून ठेवलं तर चालेल का? माझे दाणे कधी टणक राहतात, कधी लगदा होतो.

उत्तर : जरूर ठेवा, गॅसही वाचतो आणि भांडीही एकदाच घासावी लागतात. राजमा, हरभरा ८ ते १० तास भिजवा. विसरलात तर पाण्यात २-३ मिनिटं खळखळ उकळून गॅस बंद करा आणि तासभर झाकून ठेवा, काम भागतं. टोमॅटो, लिंबू मात्र दाणे शिजल्यावरच. आंबटात ते मऊ होत नाहीत. जुने दाणे किंवा जड पाणी असेल तर चिमूटभर खायचा सोडा घाला. तो जास्त झाला की सालं सुटतात, लगदा होतो आणि चवही साबणासारखी लागते. वेगवेगळी कडधान्यं एकत्र शिजवणं हेही लगद्याचं मोठं कारण. कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, फेसाने वाफेची वाट बुजते. आणि राजमा अर्धवट शिजलेला अजिबात खाऊ नका, त्याने उलट्या-जुलाब होतात.

शिजलेले दाणे पसरट भांड्यात निववून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. ३ दिवसांत संपेल तेवढंच तिथे. बाकीचे एकेका जेवणापुरते पिशव्यांत भरून, चपटे करून फ्रीजरमध्ये ठेवा. पातळ थर लवकर गोठतो आणि थेट उकळत्या रश्शात टाकला तरी चटकन सुटतो.