दोन जुन्या लॅपटॉपचे भाग जुळवून एक दमदार लॅपटॉप बनवता येतो का? परवडतो का?

येतो. हे उत्तर मी तशाच एका जुळवलेल्या मशीनवर टाइप करतोय. पण कुठलेही दोन घेतले नि जोडले, असं होत नाही. डेस्कटॉपसारखं लॅपटॉपच्या मदरबोर्डचं माप ठरलेलं नसतं. एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या बॉडीत जात नाही; रॅम आणि एसएसडी तेवढी इकडची तिकडे होते. त्यामुळे एकाच भावकीतली मॉडेलं धरायची.

माझा सांगाडा लेनोवोचा थिंकपॅड टी४३०, २०१२ चा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेला. याचा प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येईल अशा खाचेत, बसतो. खरेदीआधी हे बघाच, कारण त्याच्या पुढच्या टी४४० मध्ये तो बोर्डावर सोल्डर केलेला आहे. मूळचा दोन कोअरचा आय५-३३२०एम काढून मी चार कोअरचा आय७-३६३२क्यूएम बसवला. दोन्ही ३५ वॉटचे, म्हणून मूळचाच पंखा पुरतो. ३७२०क्यूएम सुद्धा बसतो, पण तो ४५ वॉटचा. मग मांडीवर तवा ठेवल्यासारखं होतं.

कीबोर्ड आदल्या वर्षीच्या टी४२० चा, सात ओळींचा जुना. हा हट्टच, गरज नव्हे. बसवताना खालच्या कडा थोड्या कानशीने घासाव्या लागतात, आणि कनेक्टरच्या काही पिनांवर चिकटपट्टी लावावी लागते, कारण टी४३० तिथून कीबोर्डच्या दिव्याला वीज देतो.

इथवर स्क्रूड्रायव्हरचं काम. माझी रात्रीची झोप गेली ती फर्मवेअरमुळे, म्हणजे चिपांमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमुळे. कीबोर्ड बसला, पण होम, एंड, डिलीटच्या भागातली बटणं भलतंच करत होती. नवं वायफाय कार्ड लावलं तर मशीन पुढेच जाईना; स्क्रीनवर १८०२ नंबरची एरर, 'अनधिकृत नेटवर्क कार्ड'. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये, चालणाऱ्या कार्डांची यादीच असते. ती उठवायची तर बायोस बदलायचा, नि बटणांसाठी एम्बेडेड कंट्रोलरचं, म्हणजे कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचं, फर्मवेअर. बायोस फार नवा असेल तर आधी जुन्या आवृत्तीवर आणावा लागतो. हे करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही हवं. मध्येच वीज गेली तर हातात वीट उरते.

परवडण्याचं म्हणाल, तर नुसते पैसे वाचवायला याच्या नादी लागू नका. विंडोज ११ ला इंटेलचा अधिकृतपणे किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हा तिसऱ्या पिढीचा. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम वापरतो, १६ जीबी रॅमवर. याहून जास्त रॅम हा घेत नाही. कामापुरतं मशीन हवं असेल तर आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्या, विषय संपला.

काढलेला आय५ अजून ड्रॉवरमध्ये आहे. फुकट देतो म्हटलं तरी कुणी नेत नाही.