बॅच फेल झाली की तू काय करतोस?

"१४ महिने झाले, बाई. मेहनत कमी पडली असं मला वाटत नाही. मग माझ्यात ते नाहीच, असंच ना?"

गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कोणी तिसऱ्यांदा नीटला बसलेली असते, कोणाला गायन स्पर्धेत दरवर्षी उत्तेजनार्थच मिळतं, कोणी चौथ्यांदा बँकेची परीक्षा दिलेली असते. सगळ्यांच्या पोटात भीती एकच. इतकं करूनही जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच असणार. या वेळी विचारणारा मुलगा स्टँड-अप कॉमेडी शिकत होता. त्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्याची गोष्ट सांगते. त्याला बाबू म्हणू. आमच्याकडे घरोघरी एखादा बाबू असतोच.

बाबू २६ वर्षांचा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, गुणवत्ता तपासणीत नोकरीला. सुट्टी आणि शिफ्ट जुळली की महिन्यातून एखाद्या संध्याकाळी स्कूटर काढून किनारपट्टीवरच्या कॅफेत ओपन माइकला जायचा. तिथे ज्याला वाटेल त्यानं नाव नोंदवायचं आणि पाच मिनिटं माइक घ्यायचा. चौथं मिनिट संपलं की मागून कोणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतं, आता आवरा म्हणून. बाबूनं १४ महिन्यांत ११ वेळा माइक घेतला होता आणि ११ही वेळा समोर शांतता. शेवटच्या खेपेला तो तिसऱ्याच मिनिटाला 'थँक यू' म्हणून खाली उतरला आणि फोंड्याला पोचेपर्यंत हेल्मेटच्या आत रडला.

झोप, जेवण, दारू, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, ही चौकशी मी आधी केली. ती मी कधीच टाळत नाही. कोणाचं मन दोन आठवड्यांहून जास्त सतत खचलेलं असेल, तर स्टेजच्या गोष्टी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. बाबूची झोप उडाली होती ती शोच्या आदल्या आणि नंतरच्या रात्रीपुरती. बाकी तो बरा होता. दुखावलेला होता, आजारी नव्हता.

त्याच्या वडिलांनी मला आधीच गाठलं होतं. "मॅडम, नोकरी सोडेल ही भीती नाही मला. तो शहाणा आहे." मग बराच वेळ बोलले नाहीत. "मी एकदा जाऊन बसलो होतो मागे. त्याला ठाऊक नाही. आमच्या वडिलांनी जत्रेच्या नाटकात ३० वर्षं कामं केली, मीही केली. पण तिथे चुकलो तर प्रॉम्प्टर असतो, समोर दुसरं पात्र असतं, सांभाळून घेतं. हा एकटाच उभा होता, मॅडम. कोणी हसत नव्हतं. मला बघवलं नाही."

हे मी बाबूला तेव्हा सांगितलं नाही. वडिलांना एवढंच म्हटलं की तीन महिने शोला जाऊ नका, आणि तो घरी आला की "लोक हसले?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर "आज काय बदललं होतंस?" असं विचारा. त्यांना ते तितकंसं पटलं नव्हतं, पण त्यांनी ते केलं.

दुसऱ्या भेटीत मी बाबूला त्याच्या कामाबद्दल विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं म्हणून विचारलं. "तुमच्याकडे बॅच फेल झाली की तू काय करतोस?"

तो एकदम सरळ बसला. "निकाल मर्यादेबाहेर आला की त्याला आम्ही ओओएस म्हणतो. आधी लॅबची चूक नाही ना ते बघायचं. नमुना नीट घेतला होता का, यंत्राचं कॅलिब्रेशन झालंय का, द्रावण बरोबर बनवलं होतं का, करणाऱ्याच्या हातून काही राहिलं का. तिथे काही सापडलं नाही तर मग प्रॉडक्शनकडे जायचं. कच्चा माल, प्रक्रिया. सगळं लिहून ठेवायचं."

"आणि त्या केमिस्टला नालायक म्हणता?"

"नाही. त्याचा काय संबंध?"

"बरं, फेल निकाल बाजूला ठेवून पुन्हा तपासलं आणि दुसऱ्यांदा पास आलं तर?"

"चालत नाही, बाई. तो तर गुन्हाच. कारण न शोधता पास येईपर्यंत तपासत बसायचं नाही. अमेरिकेत १९९३ साली एका कंपनीवर यासाठी खटला झाला होता, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात."

मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "मी तेच करतोय."

तो तेच करत होता. ११ वेळा जवळजवळ तीच पाच मिनिटं घेऊन तो गेला होता, दरवेळी या खेपेला तरी पास होईल या आशेवर. एकाही वेळेची नोंद नाही. मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग मात्र होतं, सगळ्या नाही पण सात शोंचं. एकदाही ऐकलेलं नव्हतं. "ती शांतता पुन्हा कशाला ऐकायची?" मेहनत तो करत होताच. आरशासमोर पाठांतर, रात्री जागून लिहिणं, ६० किलोमीटर जाणं-येणं, सगळं. पण जिथे शिकायला मिळणार होतं त्या जागेवर त्यानं पाऊलच ठेवलं नव्हतं. मला वाटतं, वारंवार नापास होणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. नापास होण्याचं दुःख इतकं मोठं असतं की ती उत्तरपत्रिका उघडून बघायचं बळ राहत नाही. मग पुढची परीक्षा तशीच दिली जाते.

तिसऱ्या भेटीत आम्ही एक रेकॉर्डिंग ऐकलं. मोबाइल टेबलावर, मध्ये एक वही. पाच मिनिटं दहा सेकंद. माझी अट होती की प्रत्येक ओळीपुढे फक्त खूण करायची: हसले, किंचित हसले, नाही. मत लिहायचं नाही. पहिल्या मिनिटाला त्यानं दोनदा कान झाकले. दोन मिनिटं चौदा सेकंदांवर मी थांबवलं आणि मागे घेतलं. पुन्हा लावलं. एक बाई हसत होती. स्पष्ट, मोकळं हसू, आणि तिच्यामागे आणखी दोघं सुरू होणार इतक्यात बाबूचं पुढचं वाक्य धाडकन आलं. सगळे गप्प, कारण त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

"ही कोण?" त्यानं विचारलं. ती त्या रात्री तिथेच होती. त्याला ऐकूच आली नव्हती.

अशा चार जागा निघाल्या. स्टेजवर घाबरलेल्या माणसाला दोन सेकंद दोन मिनिटांसारखे वाटतात. शांतता सहन होत नाही म्हणून तो ती बोलून भरतो, आणि येऊ घातलेलं हसू स्वतःच दाबून टाकतो. त्या रात्रीची निम्मी शांतता बाबूनंच तयार केली होती.

आता 'लॅबची चूक' शोधायची होती. त्यानं वहीत रकाने आखले: माणसं किती, कुठे बसलेली, माइक कसा, आपण काय केलं, आणि सगळ्यात शेवटी विनोद. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी अभ्यासकाच्या निरीक्षणात माणसं एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतात. हसू माणसातून माणसात जातं. १५ माणसं ५० खुर्च्यांवर विखरून बसली असतील तर त्याला वाटच मिळत नाही. जुने शो आठवून काढले तेव्हा ११पैकी चार वेळा असंच होतं. आरशासमोर का जमत नाही, याचंही उत्तर त्यात होतं.

घाईचं मूळ मात्र लाजेत होतं. तिच्यासाठी मी त्याला अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. विवेकनिष्ठ उपचारपद्धती १९५५च्या सुमारास मांडणारे हे मानसशास्त्रज्ञ तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. १९ वर्षांचे असताना त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की जाऊन बोलायचं. महिन्याभरात शंभर जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, ती आलीच नाही. पण आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना कळलं आणि भीती गेली. पुढे त्यांनी लाजेवर चाल करून जाण्याचे सराव बसवले. त्यातला एक म्हणजे भर गाडीत स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारणं.

बाबूला मी तोच दिला. फोंडा–पणजी कदंब बस. प्रत्येक थांबा खड्या आवाजात पुकारायचा, आणि पुकारल्यावर दोन श्वास गप्प राहायचं. खाली बघायचं नाही, हसून सारवायचं नाही.

पुढच्या भेटीत तो आला तो सांगतच आला. फर्मागुडीला आवाजच फुटला नाही. म्हार्दोळला फुटला. मंगेशीला दोघांनी वळून बघितलं आणि पुन्हा मोबाइलात डोकं घातलं. कुंडईनंतर पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या आजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, "पुता, बाणस्तार आयलें काय सांग रे म्हाका." त्यानं बाणस्तारीला तिची पिशवी उतरवून दिली. "बाई, मला वाटलं होतं सगळी बस माझ्याकडे बघेल. कोणाला पडलेलीच नव्हती."

मग त्याला मडगावच्या रवींद्र भवनात तियात्र, म्हणजे कोकणी रंगभूमीवरचं गाण्यांचं नाटक, बघायला पाठवलं, पण हसायला नाही. विनोदी नट बोलल्यावर किती वेळ थांबतो, ते मनात मोजायला. तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ला मुंबईत झाला. तेव्हापासून ही मंडळी प्रेक्षकांचं हसू झेलत आलीत, आणि एकेका तियात्राचे प्रयोगावर प्रयोग होतात. आपण एवढ्या जवळ राहून त्यांच्याकडे शिकवणी म्हणून बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. बाबू परत येऊन म्हणाला, "तो नट हसू पूर्ण संपूच देत नाही. उतरायला लागलं की पुढचं बोलतो." हे त्याला मी सांगू शकले नसते.

शेवटी कच्चा माल. त्याचे विनोद दिल्लीच्या मेट्रोवर, डेटिंग अ‍ॅपवर, हिंदी-इंग्रजीत होते. मेट्रोत तो कधी बसलेला नव्हता. मोबाइलवर बघितलेल्यांची चाल त्यानं उचलली होती. त्यानं ते सगळं बाजूला ठेवलं आणि घराबद्दल लिहायला घेतलं. पहिला मसुदा असा होता: "पगाराची स्लिप बघितली की आई कोकणीत भांडायला लागते, एरवी आमच्या घरात आरती मराठीत असते आणि स्लिप तर इंग्रजीतच येते ना." मित्रांसमोर सांगितला, कोणी हसलं नाही. वहीत नोंद झाली. दुसऱ्या खेपेला 'एरवी' गेलं, तिसऱ्या खेपेला 'येते ना' गेलं. सहाव्या खेपेला वाक्य असं बसलं: "आमच्याकडे आरती मराठीत, पगाराची स्लिप इंग्रजीत, आणि ती स्लिप आईनं बघितली की पुढचं सगळं कोकणीत." गंमत 'कोकणीत' या शब्दात होती, आणि तो आधी वाक्याच्या सुरुवातीलाच खर्ची पडत होता. सहा वेळा मिळून एक ओळ. हे प्रमाण ऐकून खचू नका. बाबू उलट सैल झाला, कारण पहिल्यांदाच त्याला दिसलं की आपण काय करत होतो आणि किती शिल्लक आहे.

महिन्यातून एकदा हे फार कमी होतं, तेही आम्ही बदललं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बरीच ठिकाणं बंद असतात. तेव्हा त्यानं कॉलेजच्या मित्रांना शनिवारी एकाच्या पडवीत जमवलं, खुर्च्या मुद्दाम जवळ-जवळ मांडल्या. आठ माणसं, पाच मिनिटं, दर शनिवारी.

यातून पोट भरेल का, हा प्रश्न वडिलांचा नाही, बाबूचाच होता. मी तो वर्षभर बाजूला ठेवायला सांगितलं. नोकरी चालू होती, तिच्यामुळेच त्याला नापास होणं परवडत होतं. प्रत्येक पाच मिनिटांवर पोटाचा भार टाकला असता तर ती बाई त्याला रेकॉर्डिंगमध्येही ऐकू आली नसती. वर्षानंतर त्याला सोडावंसं वाटलं असतं तरी मी अडवलं नसतं; वही बघून सोडणं आणि हेल्मेटमध्ये रडत सोडणं यात मला फार फरक वाटतो.

तीन महिन्यांनी वडिलांनी त्याला सांगून टाकलं की मी एकदा मागे बसलो होतो. बाबूनं विचारलं, "कुठला शो?" तारीख कळल्यावर खोलीत जाऊन रेकॉर्डिंग घेऊन आला, आणि दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून ते ऐकलं. वडिलांना नाटकाचा कान. एका जागी म्हणाले, "इथे तू श्वासच घेतला नाहीस." बाबूनं ते लिहून घेतलं.

आमच्या भेटी आता थांबल्यात. गेल्या महिन्यात त्यानं वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलंय: खेप ३४. माणसं २२, खुर्च्या जवळ, माइक ठीक. पाचपैकी तीन विनोदांपुढे 'हसले'. चौथ्यापुढे 'किंचित'. पाचव्यापुढे 'नाही', आणि त्याच्या शेजारी त्याच्या लॅबच्या नीटस अक्षरात: कारण अजून सापडलेलं नाही. शनिवारी पुन्हा बघणे.