एकटीने फॉस्टर केअर घेता येतं का?

प्रश्न: ताई, मी ४२ वर्षांची, लग्न केलेलं नाही. संस्थेतल्या ऑटिझम असलेल्या ८ वर्षांच्या मुलाला फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायला, घरी आणायचंय, जमेल का?

उत्तर: हो, नक्की. २०२४ च्या केंद्राच्या गाइडलाइन्सप्रमाणे एकट्या बाईलाही मूल घेता येतं, मुलगा असो की मुलगी. केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या (CARA) ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक घरी येऊन चौकशी करतात, मग ऑर्डर बाल कल्याण समिती देते, आणि हे दत्तक नाही हं, २ वर्षं नीट रमला तर दत्तकाचं बघता येतं. पण थेरपीला कोण नेणार, तुम्ही आजारी पडलात तर कोण सांभाळणार हे आधीच ठरवा, कारण रोजचं रूटीन मोडलं की अशी मुलं फार अस्वस्थ होतात, म्हणून आणायच्या आधी त्याला भेटत राहा, काय खातो, कशाला घाबरतो ते तिथल्या मावशींना विचारून घ्या.