मडमध्ये ‘किल ऑर्क’ टाइप केल्यावर खोलीतला नेमका कोणता ऑर्क निवडावा?

तुम्ही विचारलंय की तुम्ही लिहीत असलेल्या मडमध्ये (अनेकांनी मिळून खेळायच्या, नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये) एका खोलीत एकाच नावाचे चार-पाच मॉब, म्हणजे गेमने चालवलेले राक्षस-प्राणी, असतील, तर कमांडने कोणता उचलावा आणि ‘पहिला सापडेल तो’ एवढा नियम पुरेल का. नाही पुरणार. झालेली इजा जिथे मागे घेता येत नाही, तिथे तर अजिबात नाही. या नियमापायी मी एक जीव लावलेला गेम सोडलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तो गेम रॉम नावाच्या तयार मड-कोडवर चालायचा. कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९१ साली डिकूमड बाहेर आणला, त्यातून मर्क निघाला, मर्कमधून रॉम. या सगळ्या घराण्यात खोलीतल्या पात्रांची एक लिंक्ड लिस्ट (एकाला पुढचा जोडलेली साखळी) असते आणि नवीन आत येणारा लिस्टच्या तोंडाशी जोडला जातो, कारण तिथे जोडायला दोन ओळींचा कोड पुरतो, शेवट शोधत जावं लागत नाही. परिणाम असा की नाव शोधताना सगळ्यात आधी तपासला जातो तो सगळ्यात शेवटी आलेला. त्यात रॉमला पूर्ण नाव जुळावं लागत नाही, सुरुवातीची अक्षरं जुळली की भागतं.

आमच्या ग्रुपमध्ये त्या दिवशी एक नवीन हीलर, म्हणजे उपचार करणारी, आली होती. नाव ऑर्किड, फुलावरून ठेवलेलं. गेमने ते नाव मंजूर केलं होतं, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. नवीन खेळाडूचं नाव एखाद्या मॉबच्या नावाची सुरुवात होतं का, मॉबच्या बाबतीत एवढंच रॉम तपासतो. ‘ऑर्किड’ ही ‘ऑर्क’ची सुरुवात नाही, त्यामुळे हरकत नाही. पण ‘ऑर्क’ ही ‘ऑर्किड’ची सुरुवात आहे, म्हणजे ‘ऑर्क’ म्हणून दिलेली कुठलीही कमांड तिला लागू पडते. तपासणी एका दिशेने, शोध उलट्या दिशेने.

गुहेत आमच्या टँकने (पुढे राहून मार झेलणाऱ्या खेळाडूने) ऑर्क अडवून धरले होते. मी मेज, म्हणजे जादूगार, ऑर्किड मागच्या खोलीत माना (जादूची शक्ती) भरून काढायला बसलेली. लढाई चालू असताना मी कधीच टार्गेटचं नाव देत नाही, कारण नाव न देता हल्ल्याचा स्पेल टाकला की तो समोरच्या प्रतिस्पर्ध्यावरच जातो. पण माझा ऑर्क मेला, प्रतिस्पर्धी कोणी उरला नाही, म्हणून पुढच्यासाठी ‘कास्ट फायरबॉल ऑर्क’ टाइप केलं. आधीच्या स्पेलचा वेट, म्हणजे पुढची कमांड चालण्याआधी थांबावं लागतं तो वेळ, अजून संपला नव्हता. अशा वेळी सर्व्हर ती ओळ नुसती बाजूला ठेवतो. नाव कोणाचं आहे हे तो वेट संपल्यावर, ओळ चालवताना बघतो. मी एंटर दाबलं तेव्हा स्क्रीनवर टँक आणि ऑर्क, एवढेच होते. मधल्या त्या क्षणात ऑर्किड आत आली आणि लिस्टच्या तोंडाशी बसली.

‘किल’ने हे झालं नसतं, कारण आमच्या गेममध्ये खेळाडूवर ‘किल’ चालत नाही, ‘मर्डर’ असं मुद्दाम लिहावं लागतं. ‘कास्ट’ला मात्र असला कुठलाच अडसर नव्हता. ती मेली, मला किलरचा शिक्का बसला, आणि शहरात पाऊल टाकताच पहारेकरी अंगावर आले.

अ‍ॅडमिनने लॉग वाचला आणि निकाल दिला: नंबर टाकायची सवय लावा, ‘२.ऑर्क’ लिहिलं असतं तर काही झालं नसतं. मी त्याला परोपरीने सांगितलं की हा नंबर ऑर्कचा नाही, रांगेतल्या जागेचा आहे. मी टाइप करताना जो २ होता तो ऑर्किड आल्यावर ३ झाला. उद्या कोणी ‘१.ऑर्क’ असं अगदी नंबर टाकून लिहिलं तरी तीच मरेल. ती आत येणार हे आधीच ओळखून नंबर टाकायचा, असा त्याच्या सल्ल्याचा अर्थ होतो. त्याने शिक्का काढला नाही. कमांडने सांगितलं तेच केलं, हे त्याचं शेवटचं वाक्य. मी त्याच आठवड्यात गेम सोडला.

आता तुमचं. टार्गेट शोधणं हे सगळ्या कमांडसाठी एकच सामायिक फंक्शन लिहून हातावेगळं करू नका. मर्कवाल्यांना हे अर्धं कळलं होतं: प्रत्येक स्पेल हल्ल्याचा की बचावाचा हे तिथे नोंदलेलं असतं, आणि नाव दिलं नाही तर हल्ला प्रतिस्पर्ध्यावर, उपचार स्वतःवर जातो. नाव दिल्यावर हे शहाणपण कुठे जातं? हल्ल्याने आधी ग्रुपशी लढणारे मॉब बघावेत, मग बाकीचे मॉब, आणि ग्रुपमधला माणूस पूर्ण नाव लिहिल्याशिवाय धरूच नये. उपचाराने हाच क्रम उलटा करावा.

पूर्ण जुळणारं नाव अर्धवट जुळणाऱ्याच्या आधी. लॅम्डामू हा जुना सर्व्हर हे करतो, आणि दोन सारखेच जुळले तर अंदाज न मारता ‘संदिग्ध’ असं उत्तर कमांडच्या कोडकडे देतो. इव्हेनियामध्ये (मड लिहायच्या पायथन लायब्ररीत) लिहीत असाल तर ‘बॉक्स-१, बॉक्स-२’ अशी यादी दाखवून नेमका कोणता ते सांगायला लावायची सोय तयारच आहे. नंबर हवेच असतील तर अकाया हा मड वापरतो तसे द्या, त्या त्या प्राण्याला कायमचा चिकटलेला आयडी, मग खोलीत कोणीही येवो.

आणि इजा करणाऱ्या कमांडचं टार्गेट ओळ आली त्याच क्षणी पक्कं करा. चालवताना ते खोलीत नसेल तर कमांड रद्द करून तसं सांगा. दुसऱ्या कोणाला धरू नका.

हे सगळीकडे लावू नका मात्र. ‘पिशवीतून तलवार काढ, तलवार धर’ अशा दोन ओळी एकदम आल्या तर दुसरी ओळ येते तेव्हा तलवार हातात नसतेच, तिथे आधी पक्कं करायला गेलात तर खेळाडूंचे मॅक्रो (एका बटणावर बसवलेल्या ओळी) मोडतील. बघणं, उचलणं यांना ‘पहिला सापडेल तो’ चालून जातो. पाच एकसारखे उंदीर असतील तर हल्ल्यालाही चालतो, ऐन लढाईत ‘कोणता?’ विचारत बसलात तर खेळाडू मरेल. जुळणारे सगळे एकाच जातीचे आहेत एवढं फक्त तपासा.

खेळाडूंनी नंबर टाकायला शिकावं असं म्हणणारा तुमच्याही टीममध्ये निघेल. त्याला टेस्ट सर्व्हरवर मेज म्हणून बसवा, वेट चालू असताना ‘२.ऑर्क’वर फायरबॉल टाकायला सांगा, आणि त्याची ओळ चालायच्या आत दुसऱ्या विंडोतून ऑर्किड नावाचं पात्र खोलीत आणा. फायरबॉल दुसऱ्या ऑर्कला लागत नाही, पहिल्याला लागतो, हे त्याने लॉगमध्ये स्वतः वाचू दे.