'पायरेटेड'ला 'नकली' चालेल का?

प्रश्न असा आलाय की बातमी मराठीत करताना 'पायरेटेड'ला 'नकली' लिहिलं तर चालेल का. नाही चालणार. उलटंही नाही, टीव्हीवर 'पायरेटेड घड्याळं' ऐकून कान किटले. घड्याळावर दुसऱ्या कंपनीचं नाव उठवलं की ते बनावट, म्हणजे ट्रेडमार्कची भानगड. पायरेटेड असतं ते पुस्तक, सिनेमा, सॉफ्टवेअर, तिथे कॉपीराइट आला. ट्रिप्स करारात (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेचा करार) कलम ५१च्या तळटीपेत दोन्हींच्या वेगळ्या व्याख्या आहेत, सरळ वाचा की.

पण खरी मजा पायरसीला आपण म्हणतो त्या 'चाचेगिरी'त. काही जाणकार 'चाचा' गुजराती 'चांच' म्हणजे चोच यावरून आणतात, जहाजाचं नाक चोचीसारखं वगैरे. ओढूनताणून चंद्रबळ! काठेवाडच्या किनाऱ्यावर जाफराबादजवळ चांच नावाचं बेटच आहे, तिथले समुद्री लुटारू नावाजलेले, मग चोच कशाला शोधायची? गुजरातीत चांचिया, आपल्याकडे चांचा, पुढे अनुस्वार गळून चाचा, मी तरी हेच धरून चालतो. (हिंदीतल्या चाचाजींचा काही संबंध नाही, तेही विचारून झालंय लोकांचं.)

इंग्लंडात विनापरवाना पुस्तकं छापणाऱ्याला 'पायरेट' ही शिवी सतराव्या शतकातच लागली, कॉपीराइटचा कायदा मात्र १७१०चा, म्हणजे शिवी आधी, गुन्हा नंतर! आणि ही शिवी देतंय कोण ते बघा. कान्होजी आंग्रे म्हणत आमच्या समुद्रातून जायचं तर दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, इंग्रजांनी त्यांनाच पायरेट ठरवलं. १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना कॉपीराइट न देणारी अमेरिका २००७ मध्ये चीनला डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) खेचते, ५००पेक्षा कमी चोरट्या प्रतींवर फौजदारी का नाही म्हणून. ट्रिप्समध्ये फौजदारी सांगितलीय ती 'कमर्शियल स्केल'वरच्या, म्हणजे व्यापारी प्रमाणावरच्या पायरसीला, आणि तिथलं पॅनेल बसतं या दोन शब्दांचा कीस काढत. २००९ मध्ये त्यांनी सांगितलं की तो माल कुठला, बाजार कुठला यावर ते ठरणार, आणि या मुद्द्यावर अमेरिकेला काही सिद्ध करता आलं नाही. शब्दार्थावर असं भांडायला मला कोणी बोलावत नाही.

हां, तुमची बातमी. घड्याळ असेल तर 'बनावट', सिनेमा असेल तर 'चोरटी प्रत'. 'वाङ्मयचौर्य' मात्र घुसडू नका, त्यात दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर खपवतात, पायरसीवाला मूळ लेखकाचं नाव इमानेइतबारे तसंच छापतो, त्याच्यावरच तर माल खपतो.