रात्रीतून गाडीची बॅटरी उतरते, नवीनच घ्यावी का?

भाऊ, नवीन बॅटरीचे पैसे मोजण्याआधी आज रात्री एक काम करा. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, काढून ठेवा. सकाळी जोडून सेल्फ मारा. झटक्यात उठली, तर गाडीतलंच काहीतरी रात्रभर करंट पितंय. नाही उठली, तर बॅटरी गेली किंवा दिवसा चार्जच होत नाही. चार्जिंग बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) लावा, 13.8 ते 14.5 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

माझी गाडी भुसावळची. मे महिन्यात तीन दिवस सकाळी नुसतं कट् कट्, गल्लीतली पोरं धक्का मारून वैतागली. काळी वायर काढली त्या रात्रीनंतर मात्र गाडी मुकाट्याने सुरू झाली. मग चोर शोधायचा.

मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर काळी वायर आणि बॅटरीच्या मधोमध जोडला. दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंदच वाटतं. अर्धा तास थांबा, घाई करू नका, गाडीतली यंत्रं सावकाश झोपतात. त्यानंतर 0.05 अँपिअरच्या आत आकडा हवा. माझ्याकडे 0.6! एकेक फ्यूज काढत गेलो. टेपचा, म्हणजे गाणी वाजवायच्या स्टिरिओचा काढला आणि आकडा 0.03 वर आला. बाहेरून टेप बसवताना चावीवर चालणारी लाल वायर पिवळीसोबत थेट बॅटरीवर जोडून दिली होती, त्यामुळे टेप झोपतच नव्हता.

आता हिशेब बघा. बारा तासांत 0.6 ने सात अँपिअर-तास जातात. 35 ची धडधाकट बॅटरी एवढ्याने बसत नाही. माझी आमच्याकडचे तीन उन्हाळे खाऊन आधीच अर्धमेली झाली होती. म्हणून वायर दुरुस्त करूनही शेवटी बॅटरी बदलावीच लागली. उलट क्रमाने केलं असतं, तर नवीनचीही हळूहळू तीच गत झाली असती.

फ्यूज काढूनही आकडा पडला नाही, तर अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जाड वायर तपासायला लावा, त्याचा डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा भाग, गेला की असं होतं. डिकीच्या लाइटचा संशय असेल, तर मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून आत ठेवा आणि डिकी लावा, लाइट विझतो का ते नंतर दिसेल. आणि मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो. माझा उडालाय.